माझ्या तोंडी दुसरीचा आवाज

त्या सिनेमाचं नाव मी आजही घेत नाही. टीव्हीसाठी बनवलेला, ख्रिसमसचा, हलकाफुलका प्रेमाचा सिनेमा. लंडनची एक वकील मुलगी यॉर्कशरमधल्या गावात येते, बर्फावरून घसरते, पाय मुरगळतो, तिथल्या गुरांच्या डॉक्टरच्या प्रेमात पडते आणि शेवटी चर्चच्या घंटा वाजतात. मध्ये एक कुत्रा नदीत पडतो आणि वाचतो. असे सिनेमे डिसेंबरात तिकडे ढिगाने लागतात आणि लोक ते सोफ्यावर लोळत, अर्धं लक्ष देऊन बघतात. माझं त्यांच्याशी काही वैर नव्हतं. पण या एका सिनेमात मी होते.

दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी लीड्समधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करायची. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी तिथल्याच प्राथमिक शाळेत. आमच्या हॉस्पिटलची एक जुनी विंग बंद पडली होती, ती शूटिंगला दिली. पडद्यावर एक्स-रे खोली खरी वाटावी म्हणून आमच्या डिपार्टमेंटमधून कुणीतरी हवं होतं, आणि मला पाठवलं. सप्टेंबर महिना, बाहेर ऊन, आणि खिडकीबाहेर दोन माणसं फेसाचा आणि कागदाच्या कपट्यांचा बर्फ उडवत होती. मला गंमत वाटली होती.

तिथे एक्स-रेवालीची भूमिका करणारी नटी आलीच नाही. दिग्दर्शकाने मला विचारलं, "तुम्ही म्हणाल का? चारच वाक्यं आहेत." मी हो म्हटलं. नागपुरात कॉलेजात असताना मी एकांकिका स्पर्धा गाजवल्या होत्या, रंगमंचाची भीती मला कधीच नव्हती. वाक्यंही बरी होती. नायिकेला फिल्म दाखवून म्हणायचं, "हे बघा. हाड मोडलेलं नाही. दुखतंय ते दुसरीकडे. त्यावर माझ्याकडे मशीन नाही." तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा नायिका स्वतःहून म्हणाली, "हे खूप छान केलंत." दिग्दर्शकाने हात हातात घेतला. त्यांनी पुढे केलेल्या कागदावर सही करून मी जेवणाच्या सुट्टीनंतर आपल्या कामावर परत गेले.

माझं इंग्रजी कसं आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा राग कळायचा नाही. माझे बाबा नागपुरात म्युनिसिपल शाळेत इंग्रजी शिकवायचे. रोज सकाळी आम्हा भावंडांना उभं करून पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचे. एक शब्द गिळला तर पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी आमच्या घरात मिरवायची गोष्ट नव्हती. माझ्या आजोबांना वर्गाच्या दाराबाहेर बसवून शिकवलं होतं, आणि आतला मास्तर काय बोलतो ते त्यांना अर्धंच ऐकू यायचं. बाबा म्हणायचे, "तू बोलशील तेव्हा खोलीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे." मी तशीच बोलायची, आजही बोलते. माझा उच्चार नागपूरचा आहे आणि तो मी कधी झाकला नाही.

सिनेमा ख्रिसमसच्या आठवड्यात लागला. आम्ही घरी काही माणसं बोलावली होती. तिथल्या महाराष्ट्र मंडळातली दोन जोडपी आली होती, शिवाय सत्तरच्या दशकापासून तिथे राहिलेले एक काका आणि काकू. काका बस चालवून रिटायर झालेले. मी पावभाजी केली होती. मुलीने टीव्हीच्या समोर जमिनीवर जागा धरली होती.

नायिका घसरली. मग ती खोली आली आणि मी आले, पांढऱ्या कोटात, हातात फिल्म घेऊन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच बाईचा आवाज आला.

उंच, नाकातला, प्रत्येक शब्दाला झोका देणारा. तिकडच्या विनोदी कार्यक्रमांत भारतीय दुकानदारांना देतात तसला. शब्दही सगळे माझे नव्हते. मी पाठ वळवून फिल्म लावते आहे असा एक तुकडा होता, त्यावर त्यांनी नवीनच वाक्य चिकटवलं होतं. "व्हाय यू टेकिंग सो लाँग, मॅडम? माय आंटी, शी अरेंज माय मॅरेज इन फाइव्ह मिनिट्स!" आणि मग मी वळून हसते, ते हसू मात्र माझं.

खोलीत सगळे हसले. अगदी मनापासून. मला वाटतं पहिल्या क्षणी कुणाच्या लक्षातच आलं नाही, समोर विनोद आला म्हणून हसले. मग एकेक जण माझ्याकडे बघून गप्प झाला. काका तेवढे हसत राहिले.

मुलगी मागे वळून म्हणाली, "आई, तुझी आवाज असा का झाली?"

एरवी आम्ही तिचं मराठी दुरुस्त करायचो. त्या दिवशी कुणी केलं नाही.

आमचं लग्न आम्ही दोघांनी ठरवलं होतं, रजिस्टर केलं होतं, आणि त्यासाठी दोन्ही घरांशी भांडलो होतो. माझ्या सासूबाई पहिली काही वर्षं माझ्या हातचं पाणी पीत नव्हत्या. त्या लग्नाला या लोकांनी पाच मिनिटांत ठरवणारी एक मावशी जोडून दिली होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाव भाजत राहिले. एक तव्यावर जळला. नवरा मागे आला.

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "सिनेमा आहे. उद्या लोक विसरतील."

"तू हसलास."

"मला आधी कळलं नाही गं."

"आवाज माझा नाही हे तुला कळलं नाही?"

तो जळका पाव तव्यावरून काढू लागला. बाहेरून काकांचा आवाज आला, "अगं, हसवलंस की सगळ्यांना! टीव्हीवर आलीस, हे काय कमी आहे?"

लोक विसरले नाहीत. सुट्टीनंतर कामावर गेले तर आमच्या डिपार्टमेंटच्या दारावर कुणीतरी नटीच्या खोलीवर लावतात तसा चंदेरी कागदाचा तारा चिकटवला होता. रिसेप्शनवरची मुलगी मला बघून तोच झोका देत म्हणाली, "व्हाय यू टेकिंग सो लाँग, मॅडम?" आणि रांगेतले पेशंटही हसले. चांगली मुलगी होती ती, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला भेट पाठवणारी. मी तिला म्हटलं, "पुन्हा असं बोलू नकोस." तिचा चेहरा पडला. दुपारपर्यंत सगळ्या डिपार्टमेंटमध्ये झालं होतं की मला विनोद सहन होत नाही. ज्यांना भेटावं ते म्हणत, किती गोड सिनेमा, आणि तू तर सगळ्यांत मजेशीर. कुणालाही आवाजाचा फरक कळला नव्हता. ज्या माणसांबरोबर मी वर्षानुवर्षं रोज आठ तास बोलत होते त्यांना तो माझाच आवाज वाटला. याचा राग मला सिनेमापेक्षा जास्त आला.

त्या आठवड्यात मी चॅनेलच्या प्रेक्षकांसाठीच्या नंबरवर फोन केला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, अतिशय नम्र.

"हो, त्या सिनेमाबद्दल खूप फोन आले," ती म्हणाली. "बहुतेक कुत्र्याबद्दल. तो खरंच थंड पाण्यात पडला का म्हणून. मी तुम्हाला खात्री देते, कुत्रा अगदी सुखरूप आहे."

"मला कुत्र्याबद्दल बोलायचं नाही. हॉस्पिटलातल्या बाईबद्दल बोलायचं आहे. तिच्या बोलण्याबद्दल कुणी तक्रार केली?"

"नाही हो. उलट ती लोकांना खूप आवडली."

"ती बाई मी आहे."

मग ती मुलगी अगदी आनंदून म्हणाली, "अय्या, किती छान. मी इथे सगळ्यांना सांगते."

मी फोन ठेवला. एका कुत्र्याच्या सर्दीची काळजी करणारा देश, आणि माझं तोंड काढून तिथे दुसरं बसवलं तर कुणाला पत्ता नाही.

मंडळातल्या एका बाईने सिनेमा टेप करून ठेवला होता. ती जानेवारीत नागपूरला निघाली आणि मला न विचारता ती टेप आईबाबांसाठी घेऊन गेली. चांगल्याच हेतूने. मी रोज फोनची वाट बघत होते आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. आला तेव्हा आधी आई बोलली. आईला इंग्रजी येत नाही.

"तू दिसलीस छान," ती म्हणाली. "पण बोलत होती ती कोण?"

मग बाबांनी फोन घेतला. ते आधी खाकरले.

"'व्हाय यू टेकिंग' असं तू म्हणणार नाहीस," ते म्हणाले. "मधला 'आर' कुठे गेला?"

"मी नाही म्हटलं ते, बाबा. त्यांनी दुसरीकडून म्हणवून घेतलं."

"मला ठाऊक आहे. मी शेजाऱ्यांना तेच सांगितलं. पण विहारातल्या लोकांना पण दाखवायची म्हणून तुझी आई टेप घेऊन जात होती, मी नको म्हटलं."

बाबांनी आयुष्यात माझी कुठलीच गोष्ट कुणापासून लपवली नव्हती, मॅट्रिकला गणितात कमी पडले तेही नाही.

मग मात्र मी गप्प बसले नाही. सिनेमा बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस लीड्समध्येच होतं. मी फोन करकरून त्यांच्या निर्मातीची वेळ घेतली आणि सुट्टी टाकून गेले. माझ्याच वयाची बाई होती. तिने चहा दिला, कोट स्वतः अडकवला. म्हणाली, आधी काही प्रेक्षकांना बोलावून सिनेमा दाखवला होता, तेव्हा माझा सीन त्यांना जड वाटला.

"जड म्हणजे?"

"तुम्ही जरा कडक वाटलात. बातम्या देणाऱ्या बाईसारख्या. हा उबदार सिनेमा आहे हो. लोकांना सणाला हसायचं असतं."

"माझ्यावर?"

"तुमच्याबरोबर," ती म्हणाली.

"मी हसत नव्हते. बोलणारी बाई कोण होती?"

एक इंग्रज नटी होती. असे सगळे आवाज ती काढते म्हणे, फार गुणी आहे. हे सांगताना निर्मातीला काही वावगं वाटलं नाही. मी माझा मूळ आवाज परत लावा म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही सही केलेली आहे, आम्हाला तसा हक्क आहे. मी म्हटलं, हक्क आहे म्हणून तुम्ही माझ्या चेहऱ्याखाली काहीही बोलणार का. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या टेबलावरचा टाइपिंगचा आवाज थांबला. मी तिला आजोबांचं सांगितलं, बाबांचं सांगितलं, माझ्या लग्नाचं सांगितलं. ती खरोखर ऐकत होती. तिचे डोळे ओले झाले आणि ते बघून मी आणखी भडकले. मला तिचं रडणं नको होतं. मी म्हटलं, "पुढच्या वेळी दाखवाल तेव्हा हे वाक्य असता कामा नये." ती म्हणाली, "मी बघते."

तिने बघितलं. पुढच्या डिसेंबरात सिनेमा पुन्हा लागला. या वेळी मी कुणालाही बोलावलं नव्हतं. नायिका घसरली, पडली, आणि पुढच्याच दृश्यात पायाला पट्टी बांधून गुरांच्या डॉक्टरच्या गाडीत बसली होती. एक्स-रेची खोली गेली, मी गेले, सगळंच गेलं. त्यांनी आवाज बदलण्याऐवजी मलाच कापून टाकलं होतं. नवरा म्हणाला, "चला, सुटलीस." मी रिमोट सोफ्यावर आपटला. मी सुटका मागितली नव्हती. मी चार वाक्यं मागितली होती, जी मी नीट म्हटली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीत फोन करून विचारलं तर कळलं, मूळ आवाजाचं रेकॉर्डिंग ठेवलेलंच नाही.

कामावर लोक हळहळले. "आम्ही मुलांना तुझ्यासाठी जागं ठेवलं होतं," एकजण म्हणाला. "सगळ्यांत चांगला भाग तोच होता." रिसेप्शनवरची मुलगी खाली मान घालून पेशंटचे कागद लावत राहिली.

त्या रविवारी दुपारी काकांकडे जेवण होतं. काकांना सगळं कळलं होतं.

"आपली एक बाई दिसत होती टीव्हीवर," ते म्हणाले. "तीही घालवलीस."

"ती आपली नव्हती, काका."

"अगं, चालतं. मला बसच्या डेपोत सगळे एका इंग्रज नावाने हाक मारायचे. माझं नाव त्यांना जमत नव्हतं. पहिल्या दिवशी ठेवलेलं नाव रिटायर होईपर्यंत चाललं. निरोपाच्या केकवर पण तेच लिहिलं होतं. मी हसून घेतलं. तू हसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला राग नाही आला कधी?"

काका ताटातल्या भाताशी खेळत राहिले. "यायचा ना. पण तिथे काढून काय करणार? घरी आलो की निघायचा. हिच्यावर."

काकू आमटी वाढत होत्या. त्यांनी पळी थांबवली नाही, वर बघितलं नाही.

"अजून निघतो," त्या म्हणाल्या.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काकूंच्या हातातलं भांडं घेतलं, म्हटलं, तुम्ही बसा, आणि त्यांना त्यांच्या जागेवर बसवून सगळ्यांना मी वाढलं. काकांना वाढताना माझा हात जरा जोरात आपटला. ताटात आमटी उडाली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर डाग पडला. मी सॉरी म्हटलं नाही.