पंधरा जानेवारीचा संकल्प

नवीन वर्षाचे संकल्प म्हटले की मला आमच्या ह्यांचं हसूच यायचं. दर एकतीस डिसेंबरला जेवताना जाहीर करायचे, "उद्यापासनं मावा बंद!" आणि तीन तारखेला खिशात पुडी सापडायची. "तुमचा संकल्प म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायचे. ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे. चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर उभा राहणारा माणूस, पाळीभर तोंडात ती तंबाखू-सुपारी हवीच असायची.

मागच्या डिसेंबरात मात्र कडक भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडात जाईना. आमटीत भिजवून खाऊ लागले, वर शेंगाची चटणी लागली की डोळ्यांत पाणी. मी धरून सात रस्त्याजवळच्या दातांच्या डॉक्टरणीकडे नेलं. आमच्या मुलीच्या वयाची पोरगी. म्हणाली, "काका, तुमची बोटं उभी करून तोंडात घाला बघू." तीन जायला पाहिजेत, दोनच गेली, तीही कशीबशी. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा तपासायला पाठवला, तो साधा निघाला. "पण तंबाखू चालू राहिली तर पुढच्या वेळी साधा निघेलच असं नाही," ती म्हणाली.

तोंड परत उघडावं म्हणून तिने उपाय सांगितला तो आइस्क्रीमच्या काड्यांचा. काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, रोज चार-पाच वेळा, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. ह्यांची सुरुवात तेरा काड्यांनी झाली.

त्या एकतीस डिसेंबरला ते काहीच बोलले नाहीत. मीच डिवचलं, "मग, यंदा काय?" तर नुसते माझ्याकडे बघून हसले. एक तारखेला खिशात पुडीऐवजी फुटाणे घेऊन कंपनीच्या बसला गेले. पुढचे दिवस काय सांगू! चहा गार का, चप्पल कुटं गेली, टीव्हीचा आवाज एवढा का, सगळ्यावर आरडाओरडा. आणि मग गप बसून दातांत काड्या धरायचे. लाळ गळायची, गळ्याशी टॉवेल. एकदा मुलीच्या सासरची माणसं आली तरी उठले नाहीत. काड्या काढून "या, बसा" म्हणाले आणि परत धरल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना मात्र काही लाज नाही.

चौदा तारखेला गड्ड्याच्या जत्रेत गेलो. मी बांगड्यांच्या दुकानात होते. परत आले तर ह्यांचा चेहरा उतरलेला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "खाल्ला गं. जुना दोस्त भेटला, हातावर ठेवला, खाल्ला."

मग मी कुठली गप्प बसते! भर जत्रेत सुरू झाले. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तुमच्या तोंडाची तुम्हाला काळजी नाही तर मी कशाला मरू, सगळं बोलले. माणसं वळून बघत होती. माझं संपेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "उद्या पंधरा तारीख हाय. पंधराला सोडलेलं चालत न्हाय, असं कुटं लिवलंय का?"

आणि खरोखर पंधराला सोडला. उन्हाळा आला, तेराच्या सोळा, सोळाच्या अठरा काड्या झाल्या. दोस्त कंपनीत चिडवायचे, "काय राव, तोंडात लाकडाची वखार काढली का?" हे त्यांच्याबरोबर हसायचे आणि फुटाणे पुढे करायचे. लग्नाला तीस वर्षं झाली, पण ह्या माणसाचं एवढं कौतुक मला कधी वाटलं नव्हतं. तोंडावर सांगितलं नाही, ते माझं चुकलंच.

जूनमध्ये डॉक्टरणीने परत बोटं घालायला लावली. तीन गेली! आरामात गेली. तिने टाळीच वाजवली. मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता विचारलं, "घरात अजून कुणाला तंबाखूची सवय आहे का?"

"न्हाय न्हाय," हे पटकन म्हणाले. "आमच्यात कुणी न्हाय."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लग्नाआधीपासून मी रोज सकाळ-संध्याकाळ मागच्या दारी बसून मिसरी लावते. तंबाखूच की ती, भाजलेली! तोंड धुऊन आत यायचं आणि ह्यांना मावा सोडायचं व्याख्यान द्यायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आणि ह्या माणसाने इतक्या वर्षांत, त्या भर जत्रेतल्या शिव्या खातानासुद्धा, "आधी तुझं बघ" असं एकदाही म्हटलं नाही.

"मी लावते," मी म्हणाले. "मिसरी. दोन वेळा."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही उठा. काकू, तुम्ही या खुर्चीत बसा."

हे उठले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बाजूला उभे राहिले. मी तोंड उघडलं.