धाकटीने थोरलीला पाहिलं

बाबांचं अंत्यदर्शन मला मिळालं नाही. बर्मिंगहॅमजवळच्या सफारी पार्कातल्या एका हत्तिणीला मात्र तिच्या सोबतिणीचं मिळालं, आणि ते दार मीच उघडलं होतं. हे सांगायला लागले की लोक विषय बदलतात. बदलू देत.

नवऱ्याच्या नोकरीमागून मी नागपूरहून तिकडे गेले. हाताशी व्हेटर्नरीची डिग्री होती, पण तिथली परीक्षा दिल्याशिवाय डॉक्टरकी करता येईना. मग त्या पार्कात कीपर झाले. आफ्रिकन हत्तींच्या घरातली लीद काढायची, फरशी धुवायची, थंडीत नळ गोठले की गरम पाणी ओतून सोडवायचे. नातेवाइकांत बोंब झाली, पोरगी डॉक्टर होऊन इंग्लंडात शेण काढते म्हणे. म्हटलं, काढते. तुमच्या गोठ्यातलं तर काढत नाही ना?

बाबांना मात्र भारी कौतुक. दर रविवारी सकाळी फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हणतात तुझ्या जावा?" मला खऱ्या जावा नव्हत्याच, म्हणून दोन्ही हत्तिणींना त्यांनी ते नातं लावून टाकलं होतं. एक थोरली, एक धाकटी. थोरलीचे गुडघे गेलेले. सांधेदुखीच्या गोळ्या मी पावात दडवून द्यायची, आणि ती पाव खाऊन गोळी बरोब्बर बाहेर टाकायची. बाबांचे गुडघेही तसेच होते. "मी पण टाकतो, तुझ्या आईला सांगू नकोस," म्हणायचे.

एका फेब्रुवारीत थोरली सकाळी उठलीच नाही. पट्टे लावून उभं करून पाहिलं, ती पुन्हा बसली. पार्कच्या डॉक्टरांनी तिला इंजेक्शन देऊन कायमचं निजवलं. मी तिचा कान धरून बसले होते. धाकटी बाहेरच्या अंगणात होती, आणि थोरलीला न्यायला गाडी निघालेली होती. मी हेड कीपर बाईंना म्हटलं, "गाडी मागच्या दाराने घेऊ या. धाकटीला कळायच्या आत आवरून टाकू. कशाला तिच्या जिवाला त्रास? आमच्याकडे असंच करतात."

"इथे नाही करत," बाई म्हणाल्या. "आधी धाकटी आत येईल. गाडी थांबेल." पूर्वी एकदा त्यांनी एका हत्तिणीला न दाखवता तिच्या मेलेल्या सोबतिणीला हलवलं होतं. तो सगळा उन्हाळा ती एकेका दाराशी जाऊन हुंगत राहिली. "बघितलं नाही तर त्या शोधत राहतात," एवढंच म्हणाल्या आणि मला दार उघडायला सांगितलं.

धाकटी आली. तिने थोरलीच्या तोंडात सोंड घातली, डोळ्यांवरून फिरवली. मग पाठ करून मागच्या पायाने तिला हळूच ढोसलं, उठवतात तसं. थोडं गवत उचलून तिच्या अंगावर टाकलं. गाडीवाला टोपी हातात घेऊन पावसात उभा होता. दुपारनंतर ती आपणहून बाहेर गेली आणि चरायला लागली. मला फार रडू आलं.

त्या रविवारी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंत. भेटू दिलंत."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, बाबांना जरा अ‍ॅडमिट केलंय. रुटीन आहे. तिकीट वगैरे काढू नकोस." रविवारी बाबांचा फोन आला नाही. मी केला, तर म्हणे झोपलेत. परत केला, तर म्हणे औषधाची गुंगी आहे. मामांनी फोन घेतला आणि तेही हवापाण्याच्या गप्पा मारायला लागले. मी म्हटलं, फोन बाबांना द्या. शेवटी भाऊ रडायला लागला. पहिला फोन केला त्याच दिवशी बाबा गेले होते. सगळं आवरून झालं होतं.

"तू तिकडे एकटी रडत बसली असतीस," तो म्हणाला. "कशाला तुझ्या जिवाला त्रास?"

माझेच शब्द. पण मी भडकले ती भडकलेच. म्हटलं, आम्ही हत्तिणीसाठी गाडी थांबवली रे.

"अगं, ते जनावर आहे."

"हो ना. म्हणून तिच्याशी कोणी खोटं बोललं नाही."

तेराव्याला नागपूरला पोचले. पलंग उभा करून भिंतीला लावलेला, हार घातलेला फोटो, माणसांची गर्दी. जेवणं झाल्यावर मी उठले. आतल्या खोलीत गेले, मग देवघरात, मग न्हाणीत. त्यांच्या कपाटाचं दार उघडून शर्टांत तोंड घातलं. मागच्या अंगणात त्यांची स्कूटर होती, तिथेही जाऊन आले. मग पुन्हा आतल्या खोलीत.

भाऊ दारात उभा होता. "ताई," तो म्हणाला, "मघापासून काय शोधतेस?"