मी सुनेचं पोट चोळलं

"बाळ पायाळू आहे. म्हणजे डोकं वर, पाय खाली," धारूरच्या सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर त्यांनी 'ब्रीच' असं लिहिलं. माझी सून सविता टेबलावर झोपली होती, मी दाराशी उभी होते. सहावा महिना सरत आला होता. बाई म्हणाल्या, "आत्ता काळजीचं काही नाही. या दिवसांत पुष्कळ बाळं अशीच असतात. आत जागा असते, फिरेल आपोआप. आठव्या महिन्यात पुन्हा बघू."

हे मी नीट ऐकलं होतं. म्हणून पुढं मी जे केलं त्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय मला नाही.

आमचं घर डोंगरातलं, जनावरांवर जगणारं. मी सातवी शिकलेली, गावच्या महिला दूध संस्थेची सचिव. त्या वर्षी दुष्काळात संस्थेनं चारा छावणी चालवायला घेतली होती आणि आम्ही सगळे जनावरांसोबत तिथंच राहत होतो. कुणाची गाय अडली की बोलावणं मला येई. हाताला तेल लावायचं, आत वासराचे पाय चाचपायचे, वळवायचं, ओढायचं. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत मी वासरू मोकळं केलेलं असे. पारूबाईच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. मलाही ते पटलेलं होतं, तेच नडलं.

पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं असं आमच्याकडं मानतात. छावणीत ज्यांचे बोअर आटले होते ते थट्टा करत, नातू झाला की आधी आमच्या रानात आणा. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. मी वरवर हसत होते, पण विजेचं बोलणं मनात राहिलं. त्यात शेजारच्या दावणीची बाई म्हणाली, "मावशे, लोकांच्या गाईची वासरं फिरवतीस आन् सुनेचं लेकरू तसंच ऱ्हाऊ देतीस व्हय?" मी उठलेच. खरं सांगायचं तर वीज हे निमित्त झालं. मला मिरवायचं होतं.

दुपारी हिरव्या जाळीच्या सावलीत सविताला आडवं केलं आणि एरंडेल तेल घेतलं. ती म्हणाली, आत्या, डॉक्टरीण म्हनली ना आपोआप फिरतंय म्हणून. डॉक्टरणीनं किती बाळंतपणं केलीत, असं काहीतरी मी बोलले. बरगडीखाली डोकं हाताला लागलं. एका हातानं ते धरलं, दुसरा हात खाली लावला आणि दाबत नेलं. "दुखतंय, आत्या," ती दोनदा म्हणाली. मी गाईला म्हणते तसं "हो, हो, झालंच" म्हणत राहिले.

चहाच्या वेळेला तिच्या साडीला रक्त दिसलं.

माझा मुलगा दत्ता छावणीचा चाऱ्याचा टेम्पो चालवत असे. त्याच टेम्पोत, कडब्यावर गोधडी टाकून आम्ही तिला अंबाजोगाईला नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, पडलात का, मार लागला का, कुणी पोट चोळलं का? सवितानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "घागर उचलताना पाय घसरला." दत्ता तिच्यावर तडकला, टँकरपाशी तू गेलीसच कशाला म्हणून. ती गप्प ऐकत राहिली. मीही गप्प होते. याहून वाईट मी आयुष्यात काही केलेलं नाही.

तपासणीत 'प्लासेंटा', म्हणजे आपण जिला वार म्हणतो ती, एका कडेनं थोडी सुटलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, रक्त जाणं वाढलं तर बाळ आत्ताच काढावं लागेल, आणि इतकं लहान बाळ वाचेल असं मी सांगू शकत नाही. बाळाच्या फुफ्फुसांना बळ यावं म्हणून 'स्टेरॉइड'ची इंजेक्शनं दिली. सविताला कुशीवर झोपवून ठेवलं. नर्स दर थोड्या वेळानं पोटाला यंत्र लावून ठोके ऐकवायची. ठोके सापडेपर्यंत मी बाकाची कड धरून बसायची.

दुसऱ्या दिवशी रक्त जाणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दिसलं. डॉक्टरांनी दत्ताला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, पडल्याची खूण कुठं नाही, बीपी ठीक आहे, मग वार कशामुळं सुटली हे कळत नाही. पुढच्या तपासण्यांसाठी लातूरला हलवावं असं मला वाटतं, पण या अवस्थेत रस्त्यानं नेणंही धोक्याचं आहे.

तेव्हा मी सांगितलं. मुलाच्या समोर, ये-जा करणाऱ्या लोकांत सांगितलं, की ती पडली नाही, गाईचं वासरू फिरवते तसं बाळ फिरवायला मी पोट दाबलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं. बाई, वासरू तुम्ही फिरवता तेव्हा ते बाहेर यायला निघालेलं असतं. हे बाळ अजून निघालेलं नव्हतं." नवव्या महिन्यात गरज पडली तर डॉक्टरही बाहेरून बाळ वळवतात, पण सोनोग्राफीत बघत आणि ऑपरेशनची तयारी ठेवून, हेही त्यांनी समजावलं. कारण कळलं म्हणून लातूरला नेणं थांबवलं. दत्ता माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

अकराव्या दिवशी सुट्टी मिळाली. आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं खाली आलेलं होतं. त्याचं ते फिरलं होतं. दिवस भरून, साध्या बाळंतपणात नात झाली. त्या डॉक्टरांचे आणि ठोके शोधून देणाऱ्या त्या नर्सचे उपकार मी विसरणार नाही.

बारशानंतर मी सविताला विचारलं, "डॉक्टरला खोटं का म्हनून सांगितलंस?" उत्तर मला ठाऊक आहे अशीच माझी समजूत होती. सुनेनं माझी लाज राखली, लई जीव हाय तिचा माझ्यावर, असं माझं संस्थेत चारजणींना सांगूनही झालं होतं.

ती लेकीला पाजत होती. वर न बघता म्हणाली, "भ्या वाटलं, आत्या. खरं बोलले आसते तर तुमी मला घरात ऱ्हाऊ दिलं नसतं. लेकरू गेलं आसतं तरी मी घागरच म्हनले आसते."

त्या चारजणींना मी पुन्हा बोलावून खरं सांगितलं. आता सकाळी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येक सासूला सांगते. पायाळू म्हणाले तर घाबरू नका, पोटाला हात लावू नका, वाट बघा. आणि सून दुखतंय म्हणाली की थांबा. माझी तर दोनदा म्हणाली होती.