काचेवरचं नाक

दामूअण्णांच्या खेळण्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून मी अभ्यास केला, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. दुकानात सतरंजीवर खेळणी पसरलेली असत. मुलं मांडी घालून खेळत बसत, आणि जे खेळणं हातातून सुटत नसे तेच घरी जाई.

शिकून मी दुकानांची अंतर्गत सजावट करू लागलो. पहिलं काम अण्णांचंच केलं, मोठ्या कृतज्ञतेने. छतापर्यंत काचेची कपाटं, आत दिवे. अण्णा हसून म्हणाले, "देव्हाराच केलास की रे! आता पोरं लांबूनच हात जोडतील." मला ते कौतुक वाटलं.

आज इथे शहरात, मीच सजवलेल्या खेळण्यांच्या दुकानात, एक चिमुरडी काचेला नाक लावून उभी होती.

"हात नको हं लावूस," तिची आई म्हणाली.

मुलीने निमूटपणे हात पाठीमागे बांधले. ती गेल्यावरही तिच्या श्वासाचं धुकं काचेवर थोडा वेळ राहिलं.

घरी येऊन पत्र लिहिलं:

"ती. अण्णांस सा. न.

तुमचं बोलणं मला आज कळलं. खालच्या फळ्यांच्या काचा काढायला रविवारी येतो. ती सतरंजी अजून असली, तर झटकून ठेवा."