हयातीचा दाखला

परवा शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला आणि कुरखेड्याकडच्या एका गावातल्या सेवा केंद्रातला माझा पहिला महिना आठवला. निराधार पेन्शन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखला तेव्हा नुकताच मोबाईलवर सुरू झाला होता. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिचकवल्या की माणूस जिवंत असल्याची नोंद व्हायची. तोंडावर पदर ओढलेली एक म्हातारी समोर येऊन बसली. मी मोबाईलमध्येच डोकं घालून म्हणाले, "आजी, पदर मागं घ्या अन् दोन्ही डोळे मिचकवा." तिने पदर मागे घेतला आणि मी इतकी दचकले की माझी खुर्ची भिंतीवर आपटली. कपाळापासून गालापर्यंत कातडी ओढून शिवलेली होती, उजव्या डोळ्याच्या जागी नुसता खड्डा होता. "मोह वेचाले गेली होती, पोरी. अस्वलानं डोळा नेला," ती शांतपणे म्हणाली. "पहिले डाकवाला दारात येऊन, तोंड पाहून पैसे देत होता. मंग अंगठा आला. आता याले दोन डोळे पाह्यजे. कुठून आणू?" पाच-सहा वेळा प्रयत्न केला, मोबाईल तिला नाकारतच राहिला. शेवटी तिला गाडीवर बसवून तहसीलला नेलं. तिथल्या बाबूने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दाखल्यावर सही केली. बाहेर आल्यावर तिने माझा हात घट्ट धरला. "मी जित्ती आहो, असं लिवलं नं त्यानं?" मी दाखल्यावरची सही तिला दाखवली. आता कोणालाही डोळे मिचकवायला सांगण्याआधी मी मोबाईल खाली ठेवते आणि त्या माणसाकडे नीट बघते.