नावाखालची ओळ

वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडून मी नांदेडच्या एका शिक्षण संस्थेत जनसंपर्काचं काम धरलं, तेव्हा प्रसिद्धीपत्रकं, वार्षिक अंक आणि समारंभांचे फोटो एवढंच आपल्याकडे येईल अशी समजूत होती. संस्थेची दोन महाविद्यालयं, एक नांदेडला, एक लातूरला. पुढे संस्थेनं कामकाजासाठी एक ॲप घेतलं. रजा, निरोप, बैठका, वेळापत्रक, सगळं त्यातच. त्यात कर्मचाऱ्यांची डिरेक्टरी होती. ती सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, कारण कार्यालयात मराठी टायपिंग सगळ्यांत जलद माझं होतं.

डिरेक्टरी भरताना लेखा विभागानं पगाराची फाइल जशीच्या तशी चढवली होती. रकमेचा रकाना तेवढा वगळला. त्यामुळे प्रत्येकाच्या फोटोखाली नाव, पद, मोबाइल, मूळ गाव, जन्मतारीख आणि नियुक्तीचा प्रकार अशा ओळी आल्या. विद्यार्थ्यांनाही याच ॲपवर खाती दिली होती. म्हणजे नांदेडच्या वसतिगृहात बसलेला मुलगा लातूरच्या प्राध्यापकाचं नाव टाकून हे सगळं वाचू शकत होता. सुरुवातीला कोणी तक्रार केली नाही. वाढदिवसाला शुभेच्छा येऊ लागल्या, त्याचा आनंदच झाला.

एका गुरुवारी दुपारी लातूरहून फोन आला. रसायनशास्त्र शिकवणारे सर. त्यांचं गाव बिलोली तालुक्यात आणि माझं माहेरही त्याच भागातलं, म्हणून ते मला मॅडम न म्हणता ताई म्हणत.

"ताई, माझ्या नावाखालची एक ओळ काढता येईल का?"

"कोणती?"

"शेवटची."

मी त्यांचं नाव उघडलं. शेवटची ओळ होती, 'नियुक्ती : तासिका तत्त्व'. जेवढे तास शिकवले तेवढ्यांचे पैसे, उन्हाळ्यात काही नाही, नव्या वर्षी पुन्हा अर्ज आणि पुन्हा मुलाखत. आमच्याकडे याला घंट्यावरची नोकरी म्हणतात. सर बरीच वर्षं घंट्यावर होते.

"रविवारी नायगावला मुलगी पाहायला चाललोय," ते म्हणाले. "मध्यस्थ आमचा मामाच. त्यानं तिकडं सांगून टाकलंय, पोरगा परमनंट हाय. मला काल कळलं. भांडलो मी. तर म्हणतो, आधी पसंती होऊ दे, मग बघू. मला ते जमणार न्हाई. तिथं बसल्यावर पहिलं मीच सांगणार हाय. पण मुलीचा चुलतभाऊ आपल्या नांदेडच्या कॉलेजात शिकतो. त्यानं ॲप उघडलं की संपलं. मी तोंड उघडायच्या आधीच खोटा ठरतो."

डेस्कवर आम्हाला एकच प्रश्न शिकवला होता, माहिती खरी आहे का. इथे माहिती खरीच होती. ती कोणी सांगायची, एवढंच त्यांना स्वतःच्या हातात हवं होतं.

मी सेटिंग पाहिलं. एका माणसाला डिरेक्टरीतून अख्खं झाकता येत होतं. पण मग त्यांचं नाव शोधलं तर सापडणार नाही, आणि संस्थेत एवढी वर्षं असलेला माणूस सापडत नाही म्हटल्यावर तो चुलतभाऊ काय समजेल ते उघड होतं. फक्त त्यांची एक ओळ झाकावी, तर बाकी सगळ्यांना ती असणार आणि त्यांच्याच नावाखाली जागा रिकामी. उपाय एकच होता. ती ओळ सगळ्यांचीच झाकायची. त्याला कार्यालय अधीक्षकांची परवानगी लागणार होती.

अधीक्षक फाइलवरून मान वर न करता म्हणाले, "कशाला झाकायचं? चोरी केली का कोणी? पगारपत्रकात लिहिलेलंच आहे की."

"पगारपत्रक पोरांच्या खिशात नसतं, साहेब."

"आज ही ओळ झाका म्हणता. उद्या माझं पद झाका म्हणाल."

"ते झाकलं तरी आवाजावरून कळेल."

ते हसले, पण सही करायचं नाव घेईनात. कायम प्राध्यापकांना ती ओळ हवी आहे, असं त्यांनी सांगितलं. तेही खरं होतं. काहींनी स्वतःच्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. माहूरहून कोणा विद्यार्थिनीचे वडील बोलत होते. पोरीचं हॉल तिकीट अजून आलं नव्हतं. अधीक्षकांनी परीक्षा विभागाला फोन करायला सांगितलं आणि मग विचारलं, "माझा नंबर कुठून मिळाला तुम्हाला?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "पोरीच्या ॲपवर हाय ना साहेब. तुमच्या फोटोखाली. जन्मतारीख बी हाय. रिटायर व्हायला आलात म्हणा की!"

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "काय काय दिसतं यांना?"

मी माझ्या मोबाइलवर त्यांचं पान दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि कागद पुढे ओढला. विद्यार्थ्यांना फक्त नाव, पद आणि विभाग दिसावा, असं आम्ही लिहिलं. शुक्रवारी सकाळी मी बदल केला. तो सगळ्यांच्या मोबाइलवर पोचायला दिवसभर लागू शकतो, अशी सूचना आली. शनिवारी सकाळी एका विद्यार्थ्याच्या मोबाइलवर पाहून घेतलं. ओळ गेली होती. लातूरला सरांना तसं कळवलं.

सोमवारी सरांचा फोन आला. नायगावला काय झालं ते त्यांनी क्रमानं सांगितलं.

मुलीचे वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बैठकीत बुद्धाच्या तसबिरीखाली सगळे बसले, पोहे आले. मुलगी बाहेर यायच्या आधीच सर म्हणाले, "मला एक सांगायचंय. मी परमनंट नाही. मामांनी सांगितलं ते बरोबर नाही." मग तास, उन्हाळा, दर वर्षीचा अर्ज, सगळं सांगितलं. मामा पंख्याकडे बघत होता. वडिलांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कालच कळलंय, सर. मी लातूरला जाऊन आलो."

मामानं पाणी मागितलं.

झालं होतं ते असं. पुतण्यानं शनिवारी ॲप उघडलं. नाव होतं, पद होतं, नोकरी कायमची की कशी ते नव्हतं. वडील म्हणाले, आपणच जाऊन यावं. आमच्या भागात स्थळाची चौकशी नोकरीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर होते. त्यांनी चहा घेतला आणि सरांचं नाव काढलं. टपरीवाल्यानं सांगितलं, "सर लई चांगले हायत. तास नसला तरी पोरांना प्रॅक्टिकल दाखवीत बसतात. पण घंट्यावर हायत बरं का."

"मग?" मी विचारलं.

"मग मुलगी आली. तिनं विचारलं, उन्हाळ्यात काय करता. मी म्हणलं, भावाचं खताचं दुकान हाय, तिथं बसतो. ती म्हणाली, हिशोब येतो म्हणजे. हसले सगळे."

उत्तर यायचं होतं. ते त्या आठवड्यात आलं. सरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "नकार आला, ताई."

मुलीच्या वडिलांनी मामाला मध्ये घेतलं नव्हतं. थेट सरांना फोन केला होता. "तुम्ही तोंडानं सांगितलं, बरं वाटलं," ते म्हणाले होते. "पोरीला बी तुम्ही पटला होता. पण घंट्यावर संसार चालत न्हाई, सर. परमनंट झालात तर पहिला फोन आम्हाला करा."

"वाईट वाटलं असेल," मी म्हणाले.

"वाटलंच की. पण मामाला न्हाई कळवलं त्यांनी. मला कळवलं."

पुढच्या महिन्यात आम्ही प्रत्येकाला आपापलं पान ठरवायची सोय दिली. कोणती ओळ कोणाला दिसावी हे ज्यानं त्यानं निवडायचं. बहुतेकांनी मोबाइल नंबर बंद ठेवला. अधीक्षकांनी जन्मतारीख बंद केली, फोटोही बदलला. नवीन फोटोत ते तरुण दिसत होते. नियुक्तीची ओळ कायम प्राध्यापकांनी लगेच सुरू केली. घंट्यावरच्या कोणीच केली नाही, एक लातूरचं नाव सोडून.

चुकून झालं असेल म्हणून मी फोन केला.

"चूक न्हाई, ताई. मीच सुरू केलं," सर म्हणाले. "पुढच्या पाहुण्यांचा लातूरचा हेलपाटा तरी वाचंल."

मग त्यांनी विचारलं, नव्या सत्राचं वेळापत्रक ॲपवर कधी पडणार. आपल्या वाट्याला किती तास आले ते त्यांना बघायचं होतं.