खंदकातली काळी माती

२३ मार्च १२०८ रोजी ऑस्मंडने फादर हॅमोंच्या हातावर दोन पेन्स ठेवले. आमच्या गावच्या चर्चची घंटा वाजवणारा आणि थडगी खणणारा हा माणूस. बायको गुन्निल्ड तापाने अंथरुणाला खिळलेली. ती गेलीच, तर मेल्यावर तिच्या नावाने वाजवायच्या घंटेचे पैसे आधी दिलेले बरे, असा त्याचा विचार. त्यांची दोन तान्ही मुलं आधीच चर्चच्या आवारात पुरलेली होती. "मला त्यांच्याशेजारी ठेवा," एवढंच तिचं मागणं.

दुसऱ्याच दिवशी पोपचा हुकूम लागू झाला. आर्चबिशप कोणी नेमायचा यावरून त्याचं राजाशी बिनसलं आणि देशभरच्या चर्चचे दरवाजे बंद झाले. घंटा नाही, आवारात दफन नाही. राजाच्या शिपायांनी चिडून चर्चच्या धान्यकोठाराला कुलूप ठोकलं.

आठवड्याने गुन्निल्ड गेली.

"खण की आवारात," कोठारावरचा शिपाई म्हणाला. "राजाची ना नाही. पोप काय रोमहून तुझं फावडं हिसकायला येतोय?"

"खणशील रे बाबा, पण आशीर्वाद कोण देणार?" फादर डोळे पुसत म्हणाले. "माझ्या हातून नाही व्हायचं ते."

ऑस्मंडने तिला कुंपणाबाहेरच्या खंदकात, काठावरच्या एका झाडाखाली पुरलं. तिथली माती पांढरी, खडूसारखी. त्याने मुलांच्या थडग्यांवरची काळी माती पाटीभर आणली आणि तिच्या अंगाखाली पसरली. बंदी उठली की याच खुणेवरून तिला आत न्यायचं, असं त्याने ठरवलं.

महिन्याभरात विणकरीण सनिवाचा नवरा वारला.

"ऑस्मंडदादा, आमच्या म्हाताऱ्यालाही आण की एक पाटी. का तुझ्या बायकोलाच तेवढा स्वर्ग?"

त्याने आणली. मग कोणालाच नाही म्हणवेना. सहा वर्षांत खंदकात एकोणतीस माणसं पुरली गेली.

१२१४च्या जुलैत बंदी उठली. "तिला ओळखून दे, आजच आत घेतो," फादर म्हणाले. खुणेचं झाड शिपायांनी कधीच सरपणाला तोडलं होतं, खंदकाच्या कडा ढासळल्या होत्या. ऑस्मंडने खणलं. काळी माती लागली. शेजारी खणलं, तिथेही काळीच. संध्याकाळी तो फावडं मांडीवर घेऊन काठावर बसला.

"फादर, सगळीकडे माझीच माती आहे हो."

फादरनी सबंध खंदकाला एकदाच आशीर्वाद दिला. त्या हिवाळ्यात ऑस्मंड गेला. मुलांच्या एका बाजूला त्याला ठेवलं, दुसरी बाजू रिकामी आहे.

गुन्निल्डच्या नावाची घंटा वाजली नाही. ते दोन पेन्स चर्चकडून अजून येणे आहेत.